चार वर्षांच्या मुलाला भूल मास्कने द्यावी की सलाईनमधून?

हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि दोन्हींतलं काय बरं, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात भूलतज्ज्ञ आहे, माझ्याकडे बऱ्याच केसेस लहान मुलांच्याच असतात.

मुलगा सुई बघूनच रडत असेल तर मी मास्क घेईन. सेव्होफ्लुरेन हा भुलीचा गॅस हुंगून मूल एक-दोन मिनिटांत झोपतं, मग आम्ही हाताला सलाईन लावतो. टोचलेलं त्याला कळतही नाही. म्हणजे बहुतेकदा दोन्ही वापरलं जातंच.

मात्र या गॅसवरून उठताना काही मुलं बेभान रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. थोड्या वेळाने ते आपोआप शांत होतं, पण पालकांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलं तर हा प्रकार कमी होतो, उलट्याही कमी होतात. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर मुलांना उलट्यांचा फार त्रास होतो, तिथे मी प्रोपोफॉलच निवडते. ते शिरेत जाताना झोंबतं आणि सुई जागेपणी लावावी लागते. त्यासाठी बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचं.

सर्दी-खोकला गेल्या दोन आठवड्यांत झाला असेल तर कृपा करून लपवू नका. तारीख पुढे जाईल म्हणून पावसाळ्यात कितीतरी घरं हे सांगत नाहीत. अशा मुलाचा श्वासमार्ग भुलीत आवळू शकतो, आणि तेव्हा प्रोपोफॉलने झोपवणं जास्त सुरक्षित असतं. नात्यात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप चढला असेल, तर गॅस अजिबात वापरायचा नसतो. तेही सांगा.

उपास पाळा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एका आजीने रडणाऱ्या नातवाला गाडीतच बिस्किट दिलं होतं. माया होती ती, पण झोपेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशन संध्याकाळवर गेलं.

तुमच्या भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटा. मुलगा जागा होताना तुम्हाला जवळ थांबू देतील का, हेही तेव्हाच विचारून घ्या.