जर्बिलची (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) फर तेलकट, चिकट दिसते. आंघोळ घालावी का?

पाण्याने अजिबात नको. जर्बिल मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला प्राणी. भिजला की गारठतो. पसरट भांड्यात स्वच्छ, कोरडी वाळू ठेवा, तो स्वतःच लोळून अंगावरचं तेल काढेल. वाळूच हवी, बारीक पूड नको; ती फुफ्फुसात जाते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की फर विस्कटून चिकट दिसते, म्हणून पिंजरा आधी कोरड्या जागी हलवा.

रंगाचं म्हणाल तर मूळ सोनेरी-तपकिरी जर्बिलचा पाठीवरचा केस मुळाशी करडा, मध्ये सोनेरी, टोकाला काळा असतो. म्हणून फर विस्कटली की करडे पट्टे दिसतात, तो आजार नव्हे. टक्कल किंवा नाकाभोवती फोड दिसले तर मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.