दहा वर्षं जुनी कॅम्री हायब्रीड घ्यावी का? बॅटरी गेली तर काय?

तुम्हाला 2015 ची टोयोटा कॅम्री हायब्रीड मिळतेय, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी. एकच मालक, रनिंग लाखाच्या आत, किंमत बरी. पण मेकॅनिक आणि नातेवाईक एकाच सुरात सांगतायत की बॅटरी गेली तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल. म्हणून घ्यावी की नाही, असं विचारलंय.

नातेवाईकांचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. हेच मॉडेल माझ्याकडे आहे, सेकंडहँडच घेतलेलं, पुण्यात रोज चालतं. आणि माझ्याकडे दाजीही आहेत. गाडी घेतली त्या दिवशी पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, “अरे, हा पांढरा हत्ती कशाला दारात बांधलास? थाट पाहिजे होता तर जर्मन डिझेल घ्यायचीस.” मोठ्या बहिणीचे यजमान, काय बोलणार? हसून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये स्क्रीनवर ‘चेक हायब्रीड सिस्टिम’ असा मेसेज आला. त्याआधी काही दिवस मागच्या सीटच्या पाठीमागून पंख्याचा घोंगावल्यासारखा आवाज यायचा. गाडी चालत होती, फक्त ओढ कमी झाली होती. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. ॲडव्हायझरने स्कॅनर लावला, कोड पाहिला आणि चहा गार व्हायच्या आत एस्टिमेट हातात दिलं. हायब्रीड बॅटरीचा अख्खा पॅक बदलायचा, खर्च काही लाख. पॅक उघडून बघितला का, विचारलं. “उघडत नाही सर, डायरेक्ट रिप्लेस.” पॅकमधल्या प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे भागाचं, व्होल्टेज दाखवा म्हटलं, तर म्हणाला की ते कस्टमरला देत नाहीत. संध्याकाळी ताईचा फोन आला. तो स्पीकरवर होता हे मला दाजींचं “सांगितलं होतं की नाही?” ऐकू आल्यावर कळलं.

एस्टिमेटवर सही केली नाही. भोसरीकडे एक मुलगा आहे, बरीच वर्षं दुबईत टॅक्सींवर काम करून परत आलेला. तिथे टॅक्सीत कॅम्री हायब्रीड ढिगाने आहेत. पंचेचाळीस डिग्रीत रात्रंदिवस पळणाऱ्या गाड्या त्याने उघडल्यात, त्यामुळे या पॅकची त्याला भीती वाटत नाही, पण आदर आहे. आधी डिकीतून सर्व्हिस प्लग, म्हणजे पॅकचा करंट तोडणारा खटका, काढून स्वतःच्या खिशात ठेवला. मग इन्सुलेटेड हातमोजे घालून दहा मिनिटं नुसता बसून राहिला, कारण इन्व्हर्टरमधले (बॅटरीचा करंट मोटरला देणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. पॅक 244.8 व्होल्टचा, इन्व्हर्टर ते 650 पर्यंत चढवतो. हाय व्होल्टेजच्या भगव्या केबलला जो उघड्या हाताने हात घालेल त्याच्याकडे गाडी देऊ नका, एवढं इथेच सांगून ठेवतो.

पॅक थंड करणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बाहेर आला तेव्हा त्याच्या पात्यांवर बोटभर नमदा साचला होता. धूळ, सीट कव्हरचा कापूस आणि कुत्र्याचे पिवळट केस. आमच्याकडे कुत्रा नाही, आधीच्या मालकाकडे असणार. पॅक थंड करायला केबिनमधलीच हवा ओढली जाते, मागच्या सीटपाशी जाळी असते तिथून. ती जाळी आणि ब्लोअर साफ करायचा असतो हे या गाडीच्या जुन्या सर्व्हिस बिलांत एकदाही दिसलं नाही. वर मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांना हिरवा गंज चढलेला. त्याने ब्लोअर धुतला, पट्ट्या घासून परत बसवल्या, कोड काढला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. 34 मॉड्यूल असतात, जोडीजोडीने 17 ब्लॉक. सगळे आकडे एकमेकांना धरून होते. बिल चार आकडी झालं. ते मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. दाजींनी अंगठा दाखवला, बाकी शब्द नाही.

आता तुमची बॅटरी. निकेल मेटल हायड्राइड आहे, मोबाइलसारखी पूर्ण भरत-रिकामी होत नाही, गाडी तिला मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून टिकते. तिला मारते ती उष्णता. किती वर्षं टिकेल हे मी काय, कुणीच पाहिल्याशिवाय सांगू शकणार नाही. पण पाहता येतं. मीटरवरच्या बॅटरीच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवून अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा. पट्ट्या भराभर चढून भराभर उतरत असतील आणि इंजिन सारखं चालू-बंद होत असेल तर पॅक थकलाय. स्कॅनर लावून गाडी दामटताना 17 ब्लॉक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली पडत असेल तर तेवढे पैसे किमतीतून तोडा किंवा उठून या. आणि ‘एकच मॉड्यूल बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जुन्यांत एक नवा घातला की काही महिन्यांत दुसरा बसतो, मग तिसरा. बदलायचा तर पूर्ण पॅक.

खरं तर या गाडीला पॅकपेक्षा अडाणी गॅरेज जास्त मारतं. एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर चालत नाही, हाय व्होल्टेजवर चालतो, आणि त्याला एनडी-11 हेच तेल लागतं. चौकातल्या एसीवाल्याने गॅस भरताना नेहमीचं पॅग तेल ढकललं की इन्सुलेशन जातं आणि एसीच्या नादात गाडीच ‘रेडी’ होत नाही, म्हणजे चालूच होत नाही. तसंच डिकीतली साधी 12 व्होल्टची बॅटरी. ती बसली की सगळे कॉम्प्युटर झोपतात, आणि लोक ‘हायब्रीड गेली’ म्हणून टोइंग बोलावतात. ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण निम्मं काम मोटर करते. पण न वापरल्याने कॅलिपरच्या पिना जाम होतात, पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस करून घ्या. दार उघडलं की ब्रेकचा पंप थोडा गुरगुरतो, ते नॉर्मल. उभ्या गाडीत तो दर काही सेकंदांनी गुरगुरत असेल तर ब्रेक ॲक्चुएटरचा (तो पंप असलेल्या युनिटचा) खर्च येणार, आणि तो लहान नसतो.

याउलट इथे स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टर्बो नाही, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. गिअरबॉक्समध्ये सीव्हीटी ऑटोमॅटिकमध्ये असतो तसा पट्टाही नाही, नुसती ग्रहचक्रासारखी गिअरची जोडणी आणि दोन मोटर. बिघडायला लागणारे निम्मे पार्ट मुळात बसवलेलेच नाहीत. हे मी दाजींना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी घेतलेल्या जर्मन डिझेलचा डीपीएफ शहरात फिरून फिरून चोंदला, पाठोपाठ टर्बो गेला, मग एअर सस्पेन्शन एका बाजूने बसलं. एका दिवाळीत ती गाडी तिरकी उभी होती आणि आम्ही सगळे माझ्या ‘हत्ती’तून देवदर्शनाला गेलो. मी काही बोललो नाही. ताई बोलली.

मेकॅनिक नको म्हणतात कारण त्यांनी ही गाडी पाहिलेली नसते, आणि पाहिलेली नसते कारण ती फारशी खपलीच नाही. 2015 मध्ये सरकारने फेम या इलेक्ट्रिक-हायब्रीड गाड्यांच्या योजनेत हायब्रीडला अनुदान दिलं आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर 28 टक्के अधिक 15 टक्के सेस, म्हणजे 43 टक्के कर लावला. नव्या गाड्या महागल्या, गिऱ्हाईक पळालं. त्याचाच परिणाम म्हणून तीसएक लाखांची गाडी तुम्हाला आज या भावात मिळतेय.

मायलेजचं स्वप्न मात्र आवरा. कागदावर 19.16 आहे, मला शहरात एसी लावून चौदा-पंधरा मिळतं, आणि एक्स्प्रेसवेवर शंभरच्या पुढे ठेवली की फायदा जवळजवळ संपतो. पोट खाली आहे, पाच जण बसले की गावाकडच्या स्पीडब्रेकरला घासते. डिकी पॅकने खाल्लीय. 2015 च्या गाडीला बॅटरीची वॉरंटी आता उरलेली नाही, तेव्हा पॅकचे पैसे बाजूला काढता येत नसतील तर घेऊ नका. तालुक्याच्या गावी राहत असाल आणि हायब्रीड कळणारा माणूस दोनशे किलोमीटरवर असेल तरी नको. हे आधी सांगायला हवं होतं, पण दाजी मध्ये आले.

आणि गाडी कुठल्या पासिंगची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. 2019 ला सांगली-कोल्हापुरात आणि 2021 ला चिपळुणात जे पाणी भरलं त्यात भारी गाड्याही बुडाल्या, आणि बुडालेली गाडी पुसून-चकाकवून लांबच्या शहरात विकणारे लोक असतात. या मॉडेलचा पॅक मागच्या सीटच्या पाठीशी, डिकीत आहे; डिकीत पाणी शिरलं असेल तर बाकी काही तपासत बसू नका. स्टेपनीचा खड्डा उघडा, मागचे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गालिचा उचलून नखाने खरवडा. मातीची रेघ दिसली आणि एजंट “वॉशिंगचं पाणी असेल साहेब” म्हणाला, तर चावी त्याच्या हातात परत द्या.