फुकट वाचायचं आणि पैसे भरून छापायचं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला, पेपर (शोधनिबंध) छापून देणाऱ्या एका जर्नलचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाहिला. ‘तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क फक्त १,५०० रुपये, सोबत ई-प्रमाणपत्र.’ विषयांच्या यादीत मराठी साहित्य, मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि पशुवैद्यक एकाच ओळीत! आणि खाली तुझा प्रश्न: ‘गाइड सर म्हणतात, ओपन ॲक्सेस म्हणजे सगळं असलंच असतं. खरंय का, मॅडम?’

त्या मेसेजबद्दल सर बरोबर आहेत, ओपन ॲक्सेसबद्दल, म्हणजे पेपर इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता यावा या कल्पनेबद्दल, नाहीत. पण ते असं का म्हणतात ते आधी ऐक, नाहीतर उगाच त्यांच्याशी वाद घालशील.

२०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजणारे, गुण आले आणि पेपर मोजले जाऊ लागले. वाचले जाऊ लागले असं मात्र झालं नाही. तालुक्याच्या कॉलेजात आठवड्याला सोळा तास शिकवायचं, वर परीक्षा, नॅकच्या (कॉलेज-मूल्यांकनाच्या) फायली; संशोधन करायचं कधी आणि कुठल्या उपकरणावर? मागणी होती, दुकानं उघडली. २०१८ मध्ये यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एका पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला खोटा पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला. दगडफुलातलं एक रसायन कॅन्सरच्या पेशी रोखतं, असा दावा. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला. सरांच्या पिढीने ओपन ॲक्सेस हा शब्द ऐकला तो असल्या बातम्यांतून.

आणि मी तरी कुठे सुटले? बढतीची फाइल अडली होती तेव्हा मीही एका जर्नलला पैसे भरले. चौथ्या दिवशी स्वीकृती आली. पेपर तपासणाऱ्या परीक्षकाची एकही सूचना नाही. शीर्षकात माझ्याकडून ‘टर्मरिक’चं स्पेलिंग चुकलं होतं, ते तसंच छापलं. प्रमाणपत्र तेवढं सोनेरी किनारीचं. गुण मिळाले. दोन वर्षांनी पाहिलं तर वेबसाइटच गायब. तो पेपर मी कधी कुणाला दाखवला नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय.

आता दुसरी बाजू. नव्वदच्या दशकात पेपर छापून आला की लेखकाला पंचवीस-पन्नास रीप्रिंट मिळायच्या. मग जगभरातून छापील पोस्टकार्डं यायची: ‘कृपया आपल्या अमुक पेपरची एक प्रत पाठवावी.’ माझ्या पंचवीस प्रती तीन महिन्यांत संपल्या. त्यानंतर व्हिएतनामहून एक कार्ड आलं, तेव्हा स्टँडजवळच्या दुकानात झेरॉक्स काढून पाठवली. पोस्टाचा खर्च झेरॉक्सपेक्षा जास्त झाला. ते जर्नल आमच्याच लायब्ररीत येत नव्हतं, म्हणजे माझाच पेपर माझ्या विद्यार्थ्यांना मिळायचा तो माझ्या कपाटातून. २००२ मध्ये ओपन ॲक्सेसच्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने पेपर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले करा म्हटलं, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. आम्ही तेच करत होतो, तिकीट लावून.

तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या धर. पेपर कोण वाचू शकतो, ही एक. खर्च कोण उचलतो, ही दुसरी. आपल्याकडे दोन्हींची खिचडी झाली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्स तिच्या साइटवर कुणीही वाचावीत, आणि लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. उलट ‘नेचर’ या जर्नलने २०२१ मध्ये पेपर खुला करायचे ९,५०० युरो ठेवले. तेव्हाच्या भावाने साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे तुझी ३७,००० रुपयांची फेलोशिप जवळजवळ दोन वर्षं साठवलीस तर. फी माफ करतात म्हणे, पण ती माफी बहुधा सगळ्यात गरीब देशांच्या यादीवर ठरते आणि त्या यादीत सहसा आपण नसतो. हा ओपन ॲक्सेसवरचा खरा आक्षेप आहे. बोगस जर्नलचा आक्षेप ऐकून ऐकून हा मागे पडतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग करायचं काय? चांगल्या जर्नलला पाठव, ते खुलं नसलं तरी चालेल. स्वीकारला की तुझ्याकडे जी शेवटची वर्ड फाइल असते, परीक्षकांच्या दुरुस्त्या केलेली पण प्रकाशकाने मांडणी न केलेली, ती जपून ठेव. पुष्कळ प्रकाशक ती संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवू देतात. काही लगेच, काही सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. ओपन पॉलिसी फाइंडर (आधीचं शेर्पा रोमिओ) या साइटवर जर्नलचं नाव टाकलंस की नियम दिसतो. पैसे लागत नाहीत. सरांना हे पटवायला सोपी वाट म्हणजे तुझी फेलोशिप: ती डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची आहे, आणि त्यांच्या पैशांतून झालेला पेपर असा खुला ठेवावा हे त्यांचं २०१४ पासूनचं धोरणच आहे. फक्त प्रकाशकाची पीडीएफ उचलून कुठेही टाकू नकोस. प्रीप्रिंटबद्दल, म्हणजे परीक्षणाआधीच पेपर ऑनलाइन ठेवण्याबद्दल, विचारलं होतंस. फिजिक्सवाले १९९१ पासून आर्काइव्ह (arXiv) या साइटवर टाकतात, आपल्या जीवशास्त्रासाठी २०१३ पासून बायोआर्काइव्ह आहे. टाक, पण ज्या जर्नलला पाठवणार त्याला चालतं का ते आधी बघ.

सर म्हणतील, आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे, सगळं वाचायला मिळतं, हवंय कशाला हे? सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, जवळजवळ १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात, हे चांगलंच झालं. पण लॉगिन संस्थेचं असतं. मी निवृत्त झाले आणि माझं बंद झालं. तू हळदीच्या कंदकुजीवर काम करतेस. तुझे निष्कर्ष ज्याला हवेत तो सांगलीकडचा कृषी पदवीधर, ज्याचं खतांचं दुकान आहे आणि ज्याच्याकडे शेतकरी सडलेला गड्डा पिशवीत घालून आणतो, त्याला कुठलं लॉगिन?

हळदीवरून आठवलं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक. त्यांनी ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपल्या आज्या हळद लावत हे सांगून तिथे भागणार नव्हतं, छापील पुरावा लागत होता. सीएसआयआरने ३२ संदर्भ दिले, त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ सालचा एक पेपर होता. देशी जर्नलमधला, चाळीस वर्षं जुना. तो कुणाला सापडला म्हणून उपयोगी पडला. ‘इंडियन जर्नल’ म्हणून नाक मुरडणारं कुणी भेटलं तर हे सांग.

यूजीसीची केअर ही मान्य जर्नल्सची नवी यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा जर्नल ओळखायचं काम आता तुमच्यावरच आलं. मी एवढंच करते: त्या जर्नलमधले आपल्या विषयाचे दोन पेपर नीट वाचते आणि संपादक मंडळातल्या एखाद्याला मेल टाकून विचारते, आपण खरंच या मंडळावर आहात ना? एकदा उत्तर आलं होतं, ‘हे जर्नल मी आज प्रथमच ऐकतोय.’

तो १,५०० रुपयांचा मेसेज डिलीट कर. मसुदा मी निम्मा वाचला आहे, उरलेला रविवारी वाचते. तिसऱ्या आकृतीत स्केल बार राहिला आहे, आणि पद्धतीच्या भागात नमुने कोणत्या महिन्यात गोळा केले ते लिहिलेलंच नाही.

तुझी,
मॅडम