बिंदू चौकात हरवलेली गाडी

“आईला अल्झायमर आहे. हल्ली मलाही काही लक्षात राहत नाही. मला पण तेच होणार का?” हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा ४५ ते ५५ वयाची लेक असते किंवा सून, आणि आजारी माणसाचं सगळं तीच बघत असते. त्यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. स्क्रीनवर भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ थांबवलेला होता. परदेशातली कुणी मेंदूशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवत होती, काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके. हे सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधले सांधे, आणि अल्झायमरमध्ये तेच आधी तुटतात, असं ती सांगत होती. आजार दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच मेंदूत बदल सुरू होतात, हेही तिनं सांगितलं होतं.

“आईला ६८ व्या वर्षी कळलं. त्यातनं वीस वजा करा बघू,” ताई म्हणाल्या. “मला आता अठ्ठेचाळीसावं चालू आहे.”

हा हिशेब त्या तीन आठवडे एकट्याच करत बसल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. एका लॅबमध्ये जनुकांच्या तपासणीची चौकशी करून आल्या होत्या. तिथल्या माणसानं रक्त द्या म्हणून सांगितलं, पण रिपोर्ट आल्यावर तो समजावून कोण सांगणार, हे सांगितलं नाही.

मी विचारलं, “लक्षात राहत नाही म्हणजे नेमकं काय होतं? एक प्रसंग सांगा.”

“बिंदू चौकात गाडी लावली मॅडम, आणि परत आलो तर गाडीच सापडंना. अर्धा तास फिरलो येड्यागत.” (आमच्याकडे बायका ‘आलो-गेलो’च म्हणतात, तसंच ठेवतेय.) “शेवटी एका टपरीवाल्यानं विचारलं, वैनी काय शोधताय? मला रडूच आलं.”

“मग सापडली कशी?”

“आठवलं की. कपिलतीर्थला भाजी घेतली, मग तिथनं...” असं म्हणत त्यांनी सगळा रस्ता वळणावळणासकट सांगितला. गाडी लावताना भावाचा पुण्याहून फोन चालू होता, हेही सांगितलं.

“त्या दिवशी पहाटे किती वाजता उठला होता?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आदल्या रात्री आई दोनला उठून बसली होती. पाचला दाराची कडी काढून देवळाच्या दिशेनं चालायला लागली, तेव्हा ताई अनवाणी मागं धावल्या. असं आठवड्यातून चार रात्री तरी होतं.

मी डॉक्टर नाही. पण या आजाराची इतकी घरं माझ्याकडे येतात, की मला हे वाचावंच लागलं. त्या व्हिडिओतलं खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी तो खोडून काढला नाही. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. या आजारात मेंदूत प्रथिनांचे जे डाग पडतात, त्यांच्या संख्येपेक्षा उरलेल्या सिनॅप्सच्या संख्येचा मेळ माणसाच्या स्मरणाशी आणि विचारशक्तीशी जास्त बसला. २०१६ मध्ये बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या गटानं उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढची गोष्ट दाखवली. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. बाळाच्या वाढत्या मेंदूत नको असलेले सांधे काढून टाकायचं काम त्या करतात. कुठला सांधा काढायचा, याची खूण सी-वन-क्यू सारखी प्रथिनं करतात. अल्झायमरसारखी स्थिती तयार केलेल्या उंदरांत हीच यंत्रणा डाग पडायच्या आधीच पुन्हा जागी होते आणि चांगले सांधे खायला लागते. ते प्रथिन अडवलं, तर सांध्यांची हानी कमी होते.

हे मी सांगत होते आणि त्या अंगठ्यानं तर्जनी चोळत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पानं शाबूत, पण दोरा तुटला.” त्यांची आई पटवेकऱ्याच्या घरात नांदलेली. गुजरीतल्या सराफांकडून साजाची एकवीस पानं आणि जवमणी घरी यायचे आणि आई ते दोऱ्यात गाठवून द्यायची. ताई त्या दोऱ्यांच्या गुंडाळ्यांतच वाढल्या. मी म्हटलं, सुरुवातीला असंच असतं, पुढे पेशीही मरतात. अर्धंच सांगून धीर द्यायला मला आवडत नाही.

मग त्यांच्या वजाबाकीकडे वळलो. वीस वर्षांची गोष्ट खरी आहे, पण त्या काळाचं वैशिष्ट्यच असं की त्यातला बराचसा काळ माणसाला काही जाणवत नाही. तो दुकान चालवतो, हिशेब ठेवतो, गाडी शोधतो. म्हणजे त्यांच्या डोक्यात खरोखर तसलं काही सुरू झालं असतं, तरी बिंदू चौकातला तो अर्धा तास त्यानं झाला असं म्हणता येत नाही. त्याची कारणं जवळ होती, आदल्या रात्रीत आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये. गाडी कुठं लावली हे मेंदूनं टिपलंच नव्हतं. जे टिपलं नाही ते आठवणार कुठून? शिवाय दिवसभरात टिपलेलं पक्कं करायचं काम बरंचसं झोपेत होतं, आणि ती झोपच त्यांना मिळत नव्हती.

अल्झायमरचं विसरणं बहुतेक वेळा वेगळं दिसतं. किल्ली कुठं ठेवली हे विसरणं वेगळं, आणि किल्ली हातात धरून हिचं काय करायचं हे न कळणं वेगळं. त्यात बऱ्याचदा काळजी घरच्यांना असते, माणसाला स्वतःला “मला काय झालंय?” असंच वाटतं. तरीही माझ्या अंदाजावर कुणाला घरी पाठवायचं नाही, हा माझा नियम आहे. त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. बी-१२ जीवनसत्त्व बरंच कमी निघालं आणि रक्तदाब वाढलेला होता. थायरॉईड ठीक होतं. पाळी अनियमित झाली होती, त्या काळातही डोकं जड होतं, शब्द सापडत नाहीत. बी-१२ आणि थायरॉईड न तपासता स्वतःला अल्झायमर लावून घेतलेली माणसं मी खूप पाहिलीत.

जनुकांची तपासणी थांबवा, असं मी स्पष्ट म्हटलं. आई-वडिलांकडून जवळपास हमखास चालत येणारा अल्झायमर असतो, पण तो शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत, आणि बहुधा पासष्टीच्या आत दिसतो. आईचा तसा असण्याची शक्यता फार कमी. एरवी जे पाहतात ते एपीओई-फोर नावाचं जनुक धोका वाढवतं, निकाल देत नाही. ते असून आजार न झालेले आहेत, नसून झालेलेही आहेत. आईला आहे म्हणून लेकीचा धोका थोडा वाढतो, हे खरं. पण तो कागद हातात घेऊन त्यांनी रात्री काय केलं असतं? कुणाला करायचीच असेल, तर आधी आणि नंतर समजावून सांगणारं माणूस असेल तिथंच करावी.

उलट, करण्यासारखं बरंच होतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये डिमेन्शियाची (म्हणजे स्मृतिभ्रंशाची, अल्झायमर त्यातलाच) बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, नैराश्य, एकटेपणा, तंबाखूचा धूर, बैठी सवय अशी. ही सगळी आयुष्यभर सांभाळली, तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. ताईंच्या बाबतीत त्यातलं मला सगळ्यात जास्त कशानं छळलं असेल, तर एकटेपणानं. रंकाळ्यावरचा मैत्रिणींचा फेरा दीड वर्षापूर्वी बंद झाला होता.

तिसऱ्या वेळी त्या आईला घेऊन आल्या, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. त्याच दिवशी खरं दुखणं बाहेर आलं. आईनं जेवल्यावर दहा मिनिटांत “मला जेवायला दिलं नाही” म्हटलं होतं आणि ताईंनी तिच्या हाताला धरून हिसडा दिला होता. “मुद्दाम करतीया असं वाटलं ओ.” मी म्हटलं, नवीन आठवण जिथं बसते, तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात लवकर जातो. त्यामुळे तिच्यापुरतं ते जेवण झालेलंच नाही. त्या खूप वेळ रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

आई तोवर पिशवीतला दोरा काढून बसली होती. ताई तो सोबत ठेवतात, त्यानं ती शांत राहते. एक टोक तिनं पायाच्या अंगठ्यात अडकवलं, दुसरं ताणून धरलं आणि गाठी मारायला लागली. एकसारख्या, न बघता. मग अचानक माझ्याकडे वाकून माझं मंगळसूत्र बोटांत धरलं. “दोरा कुजलाय बाळ ह्यो. गाठवून घे.”

“माझं नाव आठवत न्हाई तिला, आणि तुमचा दोरा दिसतोय,” ताई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. हातांची शिकलेली कामं मेंदू वेगळ्या जागी सांभाळतो आणि तिथं हा आजार उशिरा पोचतो, एवढंच मी सांगितलं. घरी तिला जवमणी नकोत, गिळेल, जाड लाकडी मणी द्या, असंही.

राहिला रात्रींचा प्रश्न. पुण्याचा भाऊ दर महिन्याला पैसे पाठवत होता आणि आपलं काम झालं असं समजत होता. त्याच्याशी मी फोनवर बोलले, ताईंच्या समोर. आईला पुण्याला न्यायचं नाही, जागा बदलली की ती जास्त बावरते. तुम्ही इकडे या, महिन्यातले दोन शनिवार-रविवार, आणि तिच्या खोलीत तुम्ही झोपा. तो थोडा अडखळला, पण आला.

पहिल्या रविवारी ताईंचा मेसेज आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. “आत्ता उठलो. दूध दादानं तापवायला ठेवलं आणि इसरला, सगळं उतू गेलं. बी-१२ तपासायला सांगू काय त्याला?”