पेटी उघडण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तालमीच्या पेटीतले जुने कागद स्कॅन करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण कागदाला हात लावण्याआधी पेटी आहे तशी ठेवून तिचे फोटो काढ. कुठली चिठ्ठी कुठल्या वहीत होती, ती कुणाच्या घरून आली, हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळत नाही. वर्गणीच्या वहीत खोचलेली पावती तिथंच अर्थ सांगते. बाहेर काढलीस तर नुसती पावती उरेल.

फाटक्या कडांना चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढ. क्रमांक मऊ पेन्सिलीनं कोपऱ्यात टाक. मोडीतली पानं वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जाऊ देऊ नकोस. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखून ठेवल्या. तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून आज त्यावर बोट ठेवता येतं. पण त्या हुकमामुळं ज्याला नोकरी लागली, त्याचा पहिला पगार घरी आला त्या दिवशी काय झालं, हे कुठल्या गॅझेटात येणार? शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर जिथं एकत्र आले, त्या १९२० च्या माणगाव परिषदेला गेलेल्यांची नातवंडंसुद्धा आता थकली आहेत. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं त्यांच्यापाशीच आहे. मला खरी घाई वाटते ती याची. कागद आणखी दोन महिने थांबतील.

पुराचंही तसंच. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, हे सरकारदरबारी लिहिलेलं आहे. तुमच्या गल्लीत पाणी कितव्या पायरीला लागलं, कुणी कुणाला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, ते तुम्हीच लिहायचं. पेटीही तळमजल्यावरून माळ्यावर हलव. एखादी वही भिजलीच तर चिकटलेली पानं ओढू नकोस, उन्हातही टाकू नकोस. सावलीत पंख्याखाली, पानांत टिपकागद घालून वाळव. बुरशी दोन दिवसांत धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव.

म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करताना नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून वदवून घे. जे बाहेर नको म्हणतील, ते बाहेर जाता कामा नये. फाइल त्याच रात्री दोन ठिकाणी उतरव. सुरुवात तुझ्या थोरल्या आत्यापासून कर. तिची दुपार मोकळी असते.

तुझा,
काका