गिझर 2000 वॉटचा, मग हिशेब 1500चा का?

प्रश्न : आमच्या गिझरवर ‘230 व्होल्ट, 2000 वॉट’ असं छापलंय. इलेक्ट्रिशियनने गिझर चालू असताना मोजलं तर सॉकेटवर 200 व्होल्ट आणि क्लँप मीटरवर साडेसात अँपिअर आले. गुणाकार होतो 1500. कॉइल गेली का? प्लगची एक पिनही काळी पडली आहे.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : कॉइल ठणठणीत आहे. छापलेल्या आकड्यांवरून तिचा रोध काढा : व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे 230 × 230 ÷ 2000, साधारण 26.5 ओहम. मोजलेल्या आकड्यांवरून 200 ÷ 7.5 = 26.7 ओहम. रोध तोच आहे, विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी मिळतोय. आणि वॉट घटतात ते व्होल्टेजच्या वर्गाने, म्हणून व्होल्टेज 13 टक्के उतरलं तरी वॉट जवळपास चौथाईने उतरले. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला 2000 वॉटला 16 मिनिटं पुरतात, 1500 वॉटला 21 लागतात.

मग 30 व्होल्ट गेले कुठे? गिझर बंद करून त्याच सॉकेटवर पुन्हा मोजायला सांगा. तरीही 200च आले तर दाब बाहेरूनच कमी येतोय. महावितरणकडे तक्रार करा. 225 वर चढले तर खोट बहुधा वायरिंगमध्ये. 25 व्होल्ट ÷ 7.5 अँपिअर = 3.3 ओहम. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 15 मीटर लांब असली, तर जाऊन-येऊन तिचा रोध जेमतेम पाव ओहम भरतो. उरलेले तीन ओहम म्हणजे कुठेतरी सैल जॉइंट किंवा जळकं टर्मिनल, आणि तिथे पावणेदोनशे वॉटची उष्णता.

काळी पिन मात्र आजच बघा, आम्हाला काळजी तिचीच जास्त वाटते. पिन सैल बसली की तिथे अर्धा ओहम रोध सहज तयार होतो. कॉइलच्या वरच्या गणितात तो दिसणारही नाही, मीटरच्या बारीक चुकीतच लपून जाईल. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते : 7.5 × 7.5 × 0.5 = 28 वॉट. 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त उष्णता, तीही एका पिनेपाशी! पितळ काळवंडतं, सॉकेटमधली पट्टी तापून ताण सोडते, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, कारण करंट साडेसातच आहे. पिन घासून भागणार नाही. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून 16 अँपिअरचं सॉकेट आणि प्लगटॉप दोन्ही बदलून घ्या. जळकी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची, मगच स्क्रू आवळायचे. नंतर 15 मिनिटं गिझर चालवा, स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनेला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

प्रश्न : 100 वॉटच्या जुन्या बल्बचा रोध मल्टिमीटरवर 40 ओहमच दिसतो, हिशेबाने 529 येतो. मीटर बिघडलाय का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. मीटर थंड फिलामेंट मोजतोय. टंगस्टन पेटला की रोध तेरा-चौदा पट होतो. गिझरच्या कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे तिथे थंड मोजमाप चालतं. फक्त प्लग काढलेला आणि गिझरचं थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) जोडलेल्या स्थितीत हवं, म्हणजे आतलं पाणी गार हवं. नाहीतर मीटर ‘ओएल’, म्हणजे सर्किट तुटलेलं, असं दाखवेल.