वाचकांचे प्रश्न : पत्ता दिला, तरी गेटवे जोडला जात नाही

प्रश्न : लिनक्स सर्व्हरला 'आयपी अ‍ॅडर अ‍ॅड' वापरून १९२.१६८.१०.२० हा पत्ता दिला. इंटरफेस (नेटवर्कची जोडणी) 'अप' दिसतो, पण १९२.१६८.१०.१ हा डिफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) जोडताना गेटवे अवैध असल्याची चूक येते. शिवाय रीबूट केल्यावर पत्ताच नाहीसा होतो. असे का?

उत्तर : पत्त्यापुढे प्रीफिक्स (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे सांगणारा '/२४'सारखा आकडा) लिहायचे राहिले असावे. ते नसेल तर ही आज्ञा गुपचूप '/३२' धरते, म्हणजे त्या जाळ्यात तुमचा सर्व्हर एकटाच. मग गेटवे शेजारी आहे हे कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळणार कसे? 'आयपी अ‍ॅडर शो'मध्ये पत्त्यापुढचा आकडा पाहा. '/३२' असल्यास तो पत्ता काढून '/२४'सह (किंवा तुमच्या नेटवर्कचे जे प्रीफिक्स असेल त्यासह) पुन्हा द्या आणि नंतरच डिफॉल्ट राउट (गेटवेचा मार्ग) जोडा. हे काम कन्सोलवरून (थेट सर्व्हरच्या पडद्या-कीबोर्डवरून) करा. एसएसएचवरून (नेटवर्कमार्फत दुरून) पत्ता काढणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे!

'अप'वर मात्र विसंबू नका. त्याचा अर्थ इंटरफेस चालू केला आहे, इतकाच. लिंक खरोखर मिळाली असेल तर 'लोअर अप' दिसते. 'नो कॅरिअर' दिसले तर आधी केबल आणि स्विचचे पोर्ट तपासा.

'आयपी' आज्ञेने केलेले बदल फक्त चालू कर्नेलमध्ये राहतात, म्हणून रीबूटनंतर पुसले जातात. कायमची नोंद उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या (नेटवर्कची मांडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या) फाइलीत करा. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच हवी. मग 'नेटप्लॅन ट्राय' चालवा : १२० सेकंदांत एंटर दाबले नाही, तर जुनी मांडणी परत येते.